कुंभकोणमचे अग्निनक्षत्र

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील मंदिरांचे नगर. सतराव्या शतकात व्यंकोजी भोसले यांनी तंजावरला मराठी राज्याची स्थापना केली आणि त्यानंतर या परिसरात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. आज बदलीच्या किंवा देवदर्शनाच्या निमित्ताने तेथे जाणाऱ्या मराठी माणसाला सर्वप्रथम सामोरा येतो तो तेथील उन्हाळा.

महाराष्ट्रात मृग नक्षत्राची चाहूल लागली की उन्हाळा सरतो. कुंभकोणमला हा हिशेब लागू पडत नाही. तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. साधारणपणे ४ ते २८ मे या दिवसांना तमिळ पंचांगात 'अग्निनक्षत्रम्' म्हणतात. सूर्य तेव्हा कृत्तिका नक्षत्राच्या परिसरात असतो आणि कृत्तिकेची देवता अग्नी आहे. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याचा प्रघात १२ जूनचा असल्यामुळे मे महिन्यात कावेरीचे पात्रही बहुधा वाळूचेच दिसते. पुढे जून-जुलैमध्येही उकाडा फारसा हटत नाही.

दमट हवेचा धोका

मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वाढले, तर हवामान खाते उष्णतेची लाट मानते. परंतु केवळ तापमापकाकडे पाहून निश्चिंत राहणे योग्य नाही. शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घामाचे बाष्प होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. समुद्र जवळ असल्याने येथील हवा दमट असते. अशा हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी व क्षार खर्ची पडतात, आणि शरीर मात्र तापलेलेच राहते. त्यातच सिमेंट काँक्रीटच्या इमारती दिवसभर शोषलेली उष्णता रात्री बाहेर टाकतात, त्यामुळे शरीराला रात्रीची विश्रांतीही मिळत नाही.

वृद्ध, लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि हृदय वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना धोका अधिक. स्वामीमलै येथे मूर्ती ओतणारे आणि नाच्चियारकोविल येथे पितळी समया घडविणारे कारागीर तर उन्हाबरोबर भट्टीचीही धग सोसतात. तमिळनाडू शासनाने २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्यस्तरीय आपत्तीचा दर्जा दिला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

जुन्या सवयींचे शहाणपण

येथील जुन्या घरांना कौलारू छप्पर, पुढे 'तिण्णै' म्हणजे सावलीतील ओटा आणि मध्यभागी मोकळा चौक असे. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई. आधुनिक सदनिकेत सकाळी दहापासून खिडक्यांचे पडदे ओढून घेणे आणि बाहेर गारवा आल्यावर खिडक्या उघडणे, हा त्यातल्या त्यात जवळचा उपाय. तहान भागविण्यासाठी नीरमोर, म्हणजे मीठ घातलेले पातळ ताक, 'नुंगु' म्हणजे आपले ताडगोळे, आणि शहाळे उत्तम. कुंभकोणमची डिग्री कॉफी अवश्य प्यावी, पण ती पाण्याच्या ऐवजी नव्हे. पाणी बेताने पिण्याचा सल्ला असलेल्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारावे.

नव्याने आलेल्या व्यक्तीच्या शरीराला अशा हवेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तोवर दुपारी बारा ते तीन या वेळेत बाहेरची कामे टाळावीत. निवृत्तिवेतनधारकांनीही बँकेचे काम सकाळी उरकावे. मंदिरांच्या दगडी प्रांगणात अनवाणी चालावे लागते, म्हणून दर्शनाची वेळ पहाटेची किंवा सायंकाळची ठेवावी.

वेळ दवडू नये

थकवा, चक्कर, पायात गोळे, मळमळ ही पहिली सूचना होय. अशा वेळी सावलीत विश्रांती घ्यावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून ते घोट घोट प्यावे. मात्र बोलण्यात असंबद्धता, बेशुद्धी किंवा झटके दिसल्यास तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी गाफील राहू नये. त्वरित १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध व्यक्तीला पाणी पाजू नये.

उष्माघातात मिनिटामिनिटाला मोल असते. शेजारी एकटे राहणाऱ्या वृद्धाची दुपारी एकदा चौकशी करणे, ही साधी गोष्टही एखादा जीव वाचवू शकते.