एक रुपया किमतीची मोटार

साल १९८४. रेवदंड्याजवळच्या एका भातगिरणीला आमच्या बँकेने माल नजरगहाण घेऊन कर्ज दिले होते. मालाची तपासणी करण्यासाठी मी दरमहा तेथे जात असे. पोत्यांच्या थप्प्या मोजता मोजता वखारीच्या मागच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेले काहीतरी दिसे. एकदा चौकशी केली, तेव्हा शेठजी हसून म्हणाले, "साहेब, ते तुमच्या तारणात येत नाही. ती आमच्या वडिलांची मोटार."

शाखेत परतल्यावर मी पेढीचा ताळेबंद उघडला. स्थिर मालमत्तेच्या परिशिष्टात अखेरची नोंद होती : मोटारगाडी, रु. १.

व्यापारी कुटुंबांतील वाचकांना या रुपयाचा अर्थ सांगायला नको. घटत्या शिलकेवर घसारा आकारत गेले, तर किंमत कमी कमी होत जाते. पण गणिताने ती कधीच शून्य होत नाही. अखेर हिशेबनीस ती एका रुपयावर आणून ठेवतो. वस्तूची किंमत संपली, वस्तू मात्र अजून जागेवर आहे, एवढेच तो रुपया सांगतो.

निवृत्तीनंतर मी अलिबागला स्थायिक झालो. २०२२ च्या पावसाळ्याआधी शेठजींच्या नातवाचा फोन आला. शेठजी केव्हाच निवर्तले होते, गिरणीही बंद पडली होती. वखार पाडून तेथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायचे ठरले होते. "काका, भंगारवाला वजनावर पंचवीस हजार देतो म्हणतोय. तुम्हाला त्या गाडीची माहिती आहे. द्यायच्या आधी एकदा पाहून जाता का?"

मी दुसऱ्याच दिवशी गेलो.

कुर्ल्याची मोटार

गोणपाटाखाली होती १९५५ सालची फियाट ११००. पुढच्या फुगीर नाकाडामुळे आपल्याकडे तिला 'डुक्कर फियाट' हे नाव पडले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, आणि पुढची दारे उलटी उघडणारी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. इटलीत हे मॉडेल १९५३ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडू लागले.

या कारखान्याचा इतिहास आपल्या समाजाने विसरू नये असा आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी तो उभा केला. बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम करणारे, १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही स्वदेशी जहाज कंपनी स्थापणारे ते हेच वालचंद. मोटारीसाठी त्यांनी १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. युद्धकाळात परदेशी सरकारने उत्साह दाखवला नाही, तरी १९४४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून वाहने बाहेर पडू लागली. फियाटशी करार १९५१ चा.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की परदेशी सुट्या भागांची नुसती जुळणी करणाऱ्यांना नव्हे, तर देशात उत्पादनाचा कार्यक्रम असणाऱ्यांनाच वाव द्यावा. १९२८ पासून शिवडीत जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये ते काम थांबवले. कुर्ल्याचा कारखाना टिकला. मात्र ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद निवर्तले होते. कुर्ल्याची ही फियाट रस्त्यावर आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

हे सारे मी नातवाला वखारीतच सांगितले. तो म्हणाला, "काका, हे सगळं खरं, पण ही चालणार का?"

खारा वारा

प्रश्न रास्त होता. आपल्या किनाऱ्यावर खिडकीचे गज दहा वर्षांत फुगतात. वाऱ्यातील मीठ पत्र्यावर बसते, हवेतील दमट ओल शोषून घेते आणि गंज आतून पोखरत राहतो. या फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळ, बाजूच्या पट्ट्या आणि छत मिळून एकच सांगाडा. त्यामुळे दाराखालची पट्टी गंजली, की मोटारीचा कणाच दुबळा होतो. आमच्या मोटारीची डावी पट्टी स्क्रूड्रायव्हर टोचताच आत गेली. उंदरांनी वायरिंग संपवले होते. इंजिन जाम होते.

पहिल्या गॅरेजवाल्याने पाहताक्षणी सांगितले, "पुट्टी भरून, रंग मारून दोन महिन्यांत नवी करून देतो." दरही स्वस्त होता. मी आयुष्यभर ताळेबंद वाचले आहेत. वर्षअखेरीस आकड्यांवर चढवलेला रंग मला ओळखता येतो. आतला गंज तसाच ठेवून वरून चकाकी आणणे हा त्यातलाच प्रकार. आम्ही तेथून उठलो.

दुसरा कारागीर वयस्क होता. त्याने आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत डिझेल आणि तेल सोडले आणि पंधरा दिवस हातही लावला नाही. मग हँडल घालून हलक्या हाताने वळवले. अर्धा फेरा, मग पूर्ण. इंजिन मोकळे झाले. पत्रा मात्र त्याने निर्दयपणे कापला. गंजलेला तेवढा भाग काढून त्याच मापाचा नवा तुकडा जोडला, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवायला लावले. ब्रेकचे सिलिंडर, दारांचे रबर, एक दिवा यांसाठी नातू कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत सहा फेऱ्या मारून आला. जन्मगावीच औषध मिळाले!

सीटची कापडे ठरवताना कुणीतरी चामड्याचे नाव काढले. १९५६ मध्ये नववधू म्हणून याच मोटारीतून गिरणीवर आलेल्या शेठजींच्या पत्नी, सर्वांच्या बा, पलंगावरूनच म्हणाल्या, "चामडं नको हं. रेक्झीन घाला." प्रश्न मिटला.

एकूण खर्च साडेचार लाखांवर गेला. कर्जप्रस्ताव म्हणून हा कागद माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो निःसंशय नामंजूर केला असता.

कागद जपा

पत्र्याइतकेच महत्त्वाचे कागद. मोटारीचे नोंदणीपुस्तक जुन्या चोपड्यांच्या गाठोड्यात सापडले; पत्ता 'जिल्हा कुलाबा', कारण रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. त्या पुस्तकामुळे बरेच सोपे झाले. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षांसाठी असते आणि 'व्हीए' अक्षरांची मालिका मिळते. आधीच नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक राखता येतो. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच असे वाहन रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी नाही. मूळ मालक हयात नसल्यास वारसाच्या नावे हस्तांतर आधी करून घ्यावे.

आपल्या कुटुंबांच्या वखारी, पेढ्यांची मागची आवारे, गावचे बंद वाडे यांत अशी एखादी मोटार, स्कूटर वा ट्रक अजूनही पडून असेल. ज्या प्रीमियर पद्मिनीने मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक दशके सेवा केली, ती अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. रोज दिसणारी वस्तू दुर्मीळ केव्हा झाली, हे कळतही नाही. प्रत्येकाने साडेचार लाख खर्चावेत असे मी म्हणणार नाही. पण वजनकाट्यावर चढवण्यापूर्वी नोंदणीपुस्तक शोधा, इंजिन क्रमांक उतरवून घ्या, फोटो काढा आणि एखाद्या जाणकाराला दाखवा. स्वतःला जमत नसेल, तर जपणाऱ्याच्या हाती द्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी इंजिन सुरू झाले. बांना खुर्चीत बसवून अंगणात आणले होते. त्या काही बोलल्या नाहीत; उलट्या उघडणाऱ्या दारावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

नातवाने नंतर विचारले, "काका, खर्च पेढीच्या वहीत कसा दाखवू?" मी म्हटले, "दाखवू नकोस. तो घरखर्च आहे." पेढीच्या ताळेबंदात मोटारीपुढे आजही एकच रुपया आहे.