डबी उलटी करून बघितली का?

तीन गोष्टींचं साधं रुटीन, रोजचा हलका मेकअप आणि एक सवय. चेहऱ्याला काहीही लावण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचायचं!

सकाळचे साडेनऊ. मोहाडी, लाखनी, पवनी, कुठूनही निघा. गाडीवर बसायच्या आधी चेहऱ्याला ओढणी अशी गुंडाळली जाते, की फक्त डोळे दिसतात. भंडाऱ्यात कॉलेजच्या गेटवर ती सुटते आणि पहिलं काम काय? मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून चेहरा बघणं. नाक तेलकट. हनुवटीवर काल नसलेला पिंपल. कपाळाचा रंग एक, गालाचा दुसराच.

आणि मग वर्गात अशी एक मैत्रीण भेटते, जिचा चेहरा पंधरा दिवसांत भलताच उजळलाय.

‘कोणती क्रीम लावते गं तू?’

‘पार्लरवाल्या ताईने दिली. नाव नाही त्याला, साधी पांढरी डबी आहे. पण सात दिवसांत फरक दिसतो, खरंच!’

संध्याकाळपर्यंत त्या डबीच्या चार ऑर्डर गेलेल्या असतात. आज बोलायचंय ते या बिननावाच्या डबीबद्दल. आणि ती नाही तर मग काय लावायचं, याबद्दलही.

अकोल्यात काय झालं?

ही गोष्ट आपल्या विदर्भातलीच आहे. अकोल्यात विशीतल्या एका विद्यार्थिनीने ओळखीच्या ब्युटिशियनकडून चेहरा उजळवणारी क्रीम घेतली. फरक दिसला, लोक कौतुक करायला लागले. मग तिची आई आणि बहीणही तीच क्रीम वापरू लागल्या. २०२२ च्या सुरुवातीला तिघींनाही किडनीचा आजार झाला. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्यांना सूज आली होती. एकाच घरात तिघींना एकच आजार कसा, हे शोधताना डॉक्टरांचं लक्ष त्या क्रीमकडे गेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिची तपासणी झाली आणि त्यात पारा निघाला. भरपूर पारा.

हा एकच प्रकार नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या किडनीच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या १५ जणांमध्ये आजाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते.

क्रीम लावली गालाला, बिघडली किडनी. कारण पारा त्वचेतून रक्तात जातो. टॉवेल, उशीचा अभ्रा यांच्यावाटे तो घरातल्या इतरांपर्यंतही पोचू शकतो. पाय किंवा डोळ्यांभोवती सूज येणं, लघवीला खूप फेस येणं ही किडनीच्या त्रासाची लक्षणं. अशी क्रीम वापरली असेल आणि यातलं काही दिसत असेल, तर क्रीम ताबडतोब बंद करायची, डॉक्टरकडे जायचं आणि डबी सोबत न्यायची.

मग चेहरा उजळतो कसा?

आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे येतो. पारा ते मेलॅनिन तयार होण्याची क्रियाच अडवतो. म्हणून पटकन फरक दिसतो. आपल्या देशात डोळ्यांची काही प्रसाधनं सोडली, तर इतर सौंदर्यप्रसाधनांत दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा चालत नाही, तोही चुकून आलेला. मुद्दाम घालायची परवानगीच नाही. पण बिननावाच्या डबीला कोण विचारतं?

दुसरा चोर आहे स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं लक्षात ठेवा. ही औषधं वाईट नाहीत. योग्य आजारात, थोडे दिवस, डॉक्टर देतात. पण कुणी ती गोरेपणासाठी महिनोन् महिने लावत राहिलं, की त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, पिंपल्स उसळतात, चेहऱ्यावर केस वाढतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रीम बंद केली की चेहरा लालभडक होऊन आग होते. घाबरून आपण पुन्हा तीच लावतो. व्यसनासारखंच की हे! त्यामुळे खूप दिवस वापरली असेल, तर ती कशी सोडायची हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच ठरवा.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. तरी ‘भाऊ, चेहऱ्यासाठी ती ट्यूब द्या’ म्हटलं की ट्यूब मिळते, हे आपल्याला माहीत आहेच. पावसाळ्यात रोवणीच्या चिखलपाण्यात किंवा घामाने गजकर्ण झालं, की हीच ‘थ्री इन वन’ मलमं लावली जातात. दोन दिवस खाज थांबते, मग गजकर्ण आणखी पसरतं आणि बरं व्हायला महिने लागतात. मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. मांडीच्या गजकर्णाला लावलेली ट्यूब उरली म्हणून गालाला लावणारे कमी नाहीत.

रुटीन फक्त तीन गोष्टींचं

रीलमध्ये दहा बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. टोनर, एसेन्स, तीन प्रकारची सीरम्स. सतरा-अठराव्या वर्षी यातलं बहुतेक काही लागत नाही. लागतात त्या तीन गोष्टी.

पहिली, फेसवॉश. सौम्य, दिवसातून दोनदा, शिवाय खूप घाम आल्यावर. अंगाचा साबण चेहऱ्याला नको. तो अल्कधर्मी असतो, तर त्वचा किंचित आम्लधर्मी. धुतल्यावर चेहरा ‘ओढल्यासारखा’ वाटला, तर तो स्वच्छ नाही, कोरडा झालाय.

दुसरी, मॉइश्चरायझर. ‘माझी तर त्वचाच तेलकट, मला कशाला?’ असं वाटतं. पण तेल वेगळं आणि पाणी वेगळं. तेलकट त्वचेला पातळ जेल, कोरडीला जाडसर क्रीम. पाकिटावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं बघा, म्हणजे रंध्रं बुजण्याची शक्यता कमी.

तिसरी, सनस्क्रीन. नवतपा आठवून बघा, मग सांगायची गरज पडणार नाही. एसपीएफ ३० किंवा ५०, सोबत ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा पीए+++ लिहिलेलं हवं. एसपीएफ ३० सूर्याची सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरणं अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. म्हणजे मोठ्या आकड्यामागे धावण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. दोन बोटांवर लांब रेघ काढली की जेवढं होतं, तेवढं चेहरा आणि मानेला. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ओढणी बांधा, छत्री घ्या, त्यांनीही खूप फरक पडतो. फक्त ती ओढणी रोज धुवा! कालचा घाम आणि धूळ आज पुन्हा गालावर घासून काय उपयोग?

बजेट कमी असेल, तर तिन्हींचे छोटे पॅक घ्या. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. खाज, लाली नाही आली तरच चेहऱ्याला.

पिंपलशी भांडण

पिंपल येणं म्हणजे तुम्ही अस्वच्छ आहात असं नाही. या वयात हार्मोन्समुळे तेलग्रंथी जोरात काम करतात, रंध्रं बुजतात. ते फोडलं, की जळजळ आत जाते आणि मागे काळा डाग राहतो. आपल्या सावळ्या त्वचेत हे डाग जास्त ठळक दिसतात आणि उन्हाने आणखी गडद होतात. म्हणजे डागांवरचा पहिला उपाय कुठला? सनस्क्रीनच.

थोडे पिंपल्स असतील, तर सॅलिसिलिक अॅसिडचा फेसवॉश किंवा कमी प्रमाणातलं, म्हणजे २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड जेल उपयोगी पडतं. फक्त दोन्ही एकदम सुरू करू नका. आणि हो, बेंझॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो. आवडती ओढणी आणि आईचा नवा अभ्रा सांभाळा! फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. सात दिवसांत काहीच झालं नाही, तर औषध खोटं नाही, आपण उतावीळ आहोत.

कपाळावरच पिंपल्स येतात? केसांना तेल किती चोपडता ते बघा. तेल ओघळून कपाळावर येतं आणि रंध्रं बुजवतं. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट चेहऱ्यापासून लांबच ठेवा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. बेसन, मुलतानी माती चालेल, पण आठवड्यातून एकदा आणि पूर्ण सुकून तडकायच्या आत धुवा.

गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर मात्र घरगुती प्रयोग बंद. जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा, किंवा नागपूरला मेडिकल किंवा मेयोच्या त्वचारोग विभागात. तिथल्या केसपेपरचा खर्च त्या बिननावाच्या डबीपेक्षा कमीच असतो.

रोजचा मेकअप

कॉलेजला फाउंडेशनचा थर कशाला? उकाड्यात तासाभरात तो ओघळतो. सनस्क्रीनवर हलकं कॉम्पॅक्ट, काजळ आणि लिप बाम किंवा आवडती लिपस्टिक, झालं.

कॉम्पॅक्टची शेड मनगटावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावा. आणि दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये नाही, बाहेर उजेडात येऊन बघा. ‘एक शेड गोरी घे गं’ हा मैत्रिणीचा सल्ला ऐकलात, तर गॅदरिंगच्या फोटोत चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची दिसणार!

काजळ, मस्करा आणि लिपस्टिक एकमेकींत वाटायचं नाही. डोळे येणं, ओठांवर फोड येणं हे असंच पसरतं. मस्करा उघडल्यावर तीन ते सहा महिन्यांत टाकून द्या. पाकिटावर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ‘१२ एम’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने.

टिकलीखाली खाज येते किंवा पांढरट डाग दिसतो? टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनामुळे काहींच्या त्वचेचा रंग कायमचा जाऊ शकतो. टिकली लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. रात्री कितीही कंटाळा आला, तरी मेकअप काढूनच झोपायचं.

आता डबी उलटी करा

दिवाळीनंतरच्या मंडईतून घ्या, शहरातल्या दुकानातून घ्या, नाहीतर ऑनलाइन मागवा. पैसे देण्याआधी किंवा पार्सल उघडल्यावर एवढं बघायचं : बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. यादीत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘कॅलोमेल’ असं काही दिसलं, तर नकोच. ट्यूबवर लाल पट्टी किंवा ‘आरएक्स’ची खूण असेल, तर ते कॉस्मेटिक नाही, औषध आहे. आणि डबीवर काहीच नसेल, तर तेच सगळ्यात मोठं उत्तर. शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

पार्लरवाल्या ताई वाईट असतात असं नाही. अनेकदा त्यांनाही त्या डबीत काय आहे हे ठाऊक नसतं. त्याही ती कुठून तरी घाऊक आणतात. म्हणून भांडू नका, विचारा : ‘ताई, यात काय काय आहे?’ उत्तर आलं नाही, तर घ्यायची नाही.

गोरेपणाची क्रीम आपल्याकडे १९७५ पासून घरोघरी गेली. २०२० मध्ये त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ शब्दही गेला. लग्नाच्या बायोडेट्यातला ‘गोरी’ मात्र अजून जायचाय. तो जाईल तेव्हा जाईल. तोवर उन्हात रोवणी करून रापलेल्या चेहऱ्याला सनस्क्रीनची गरज आहे, पाऱ्याची नाही.

अकोल्याच्या त्या मुलीने क्रीम आईला आणि बहिणीला दिली, ती मायेनेच दिली असणार. आपल्या घरीही असंच चालतं. आपण जे आणतो, ते हळूच आईच्याही हाती जातं. म्हणून आज घरी गेल्यावर फक्त आपलाच कप्पा बघू नका. आईची, ताईची, वहिनीची डबीही उलटी करा. आणि काही लिहिलेलं नसेल, तर त्यांनाही हे सगळं सांगा.