गप्प पडलेला माणूस ऐकत असतो का?

घरात कुणी अंथरुणाला खिळले की त्याच्या उशाशी काय काय बोलले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. भेटायला आलेले नातेवाईक तिथेच विचारतात, "डॉक्टर काय म्हणाले? काही आशा आहे का?" कुणी खर्चाचा आकडा काढतो, कुणी जमिनीच्या वाटणीचा विषय. दादी उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत असते, पण तिला काय कळतंय, म्हणून कुणी आवाज खाली आणत नाही. मेंदूचे चित्र काढणाऱ्या यंत्रांनी गेल्या वीस वर्षांत याच समजुतीला धक्का दिला आहे.

अपघात, पक्षाघात किंवा हृदय बंद पडल्यामुळे मेंदूला इजा झाली की रुग्ण कोमात जाऊ शकतो. त्यातून काही जण डोळे उघडतात, झोपतात, जागे होतात. पण हाक मारली तर ओ देत नाहीत, "हात उचला" म्हटले तर उचलत नाहीत. या अवस्थेला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात. बाहेरून प्रतिसाद नाही, म्हणजे आत जाणीवही नाही, असेच पूर्वी धरले जाई.

२००६ साली इंग्लंडमधील केंब्रिजचे संशोधक एड्रियन ओवेन यांनी एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. रस्ता अपघातानंतर पाच महिने याच अवस्थेत असलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला त्यांनी एमआरआय यंत्रात ठेवले. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायूने भरलेले रक्त अधिक जाते. असे रक्त आणि प्राणवायू कमी झालेले रक्त यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये हा फरक यंत्राने टिपता येतो हे दाखवले होते. या पद्धतीला फंक्शनल एमआरआय म्हणतात.

तरुणीला सांगण्यात आले, "आपण टेनिस खेळतो आहोत, अशी कल्पना करा." नंतर, "आपल्या घरातल्या खोल्यांमधून फिरतो आहोत, अशी कल्पना करा." दोन्ही वेळा निरोगी माणसाच्या मेंदूत जे भाग जागे होतात, तेच तिच्या मेंदूत जागे झाले. तिने सूचना ऐकली होती, समजून घेतली होती आणि पाळलीही होती.

पुढे केंब्रिज आणि बेल्जियममधील लिएज येथे ५४ रुग्ण तपासले गेले. त्यांतील पाच जण असा मानसिक प्रतिसाद देऊ शकले. एका रुग्णाशी तर सवालजवाब झाले. 'हो' म्हणायचे तर टेनिस आठवायचे, 'नाही' म्हणायचे तर घर. वडिलांच्या नावासारख्या सहा साध्या प्रश्नांपैकी पाचांची उत्तरे त्याने बरोबर दिली. हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

२०२४ साली याहून मोठा अभ्यास समोर आला. अमेरिका व युरोपातील सहा केंद्रांत, सांगूनही कसलीच हालचाल न करणारे २४१ रुग्ण फंक्शनल एमआरआय किंवा मेंदूच्या विद्युत लहरी टिपणाऱ्या ईईजीने तपासले गेले. त्यांपैकी ६०, म्हणजे चारांतला एक, मनातल्या मनात सूचना पाळत होता.

आतली इच्छा बाहेर आणण्याचे कामही सुरू आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील ब्रेनगेट संशोधकांनी सांगितले, की पक्षाघाताने हातपाय व वाचा गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत त्यांनी गोळीएवढा संवेदक बसवला होता. हात हलवण्याचा नुसता विचार करून तिने रोबोटच्या हाताने कॉफीची बाटली उचलली आणि स्वतः घोट घेतला. जवळजवळ १५ वर्षांत प्रथमच. अशा हाताला वस्तू नेमकी पकडणे मात्र अवघड जाते. म्हणून पिट्सबर्गच्या संशोधकांनी त्याला कॅमेऱ्याची जोड दिली. काय घ्यायचे ते माणसाने ठरवायचे. वस्तू कुठे, कशी आहे ते संगणकाने पाहून पकड साधायची.

मग आपल्या मनातले सगळे यंत्र वाचणार का? २०२३ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी तीन जणांना प्रत्येकी १६ तास गोष्टी ऐकवल्या आणि त्यांच्या मेंदूच्या चित्रांवरून ऐकलेल्याचा ढोबळ आशय शब्दांत मांडला. पण एकावर शिकवलेले यंत्र दुसऱ्यावर चालले नाही. माणूस मनात प्राण्यांची नावे घेऊ लागला तरी ते फसले. तूर्त तरी माणसाच्या सहकार्याशिवाय हे होत नाही. तरीही चिलीने २०२१ मध्येच मेंदूतील माहितीचे संरक्षण आपल्या राज्यघटनेत घातले. हे शहाणपणाचे आहे, कारण मनातले बोलायचे की नाही हे ज्याचे त्यानेच ठरवायला हवे.

ही तपासणी अजून गावोगावच्या रुग्णालयांत होत नाही. शिवाय तिच्यात काही दिसले नाही, म्हणून जाणीव नाही असेही सिद्ध होत नाही. निरोगी माणसांपैकीही काहींचा प्रतिसाद यंत्राला सापडत नाही. आणि आत जाणीव आहे, म्हणजे रुग्ण उठून बसेलच, असेही नाही. खोटी आशा दाखवून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहावे.

पण काही गोष्टींना यंत्र लागत नाही. खोलीत शिरताना आपले नाव सांगावे. कूस बदलण्याआधी, तोंड पुसण्याआधी "अम्मी, आता कूस बदलते हं" म्हणावे. आज वार कोणता, घरात काय चालले आहे, नातवाच्या परीक्षेचे काय झाले, ते सांगावे. चेहऱ्यासमोर आरसा धरून सावकाश डावी-उजवीकडे न्यावा. नजर त्यामागे जाते का ते पाहावे. डॉक्टरही ही चाचणी वापरतात. नजर फिरली, बोट हलले, तर वेळ लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासायला सांगावे. दिवसरात्र जवळ असणाऱ्या घरच्या माणसाला जे दिसते, ते पाच मिनिटांच्या फेरीत डॉक्टरांना दिसेलच असे नाही.

आणि खर्चाची, वाटणीची, आशा सुटल्याची बोलणी करायचीच असतील, तर बाहेरच्या खोलीत करावीत. चारांतला एक ऐकत असेल, तर तो आपल्या घरातला नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.