गुण कमी पडले तर?

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग येथूनच जातो. आजूबाजूला कपाशीची शेते आहेत. २०१७ साली या जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले. सुमारे २० जण दगावले.

अशा वेळी डॉक्टर समोरच्या रोग्याचा जीव वाचवण्यात गुंतलेला असतो. पण काही प्रश्न मागे उरतात. विष शरीरात नाकावाटे जास्त शिरले की कातडीवाटे? दोन औषधे एकत्र केली तर ती किती घातक होतात? याची उत्तरे संशोधक शोधतो. मात्र संशोधकाजवळ रोगी नसतो आणि डॉक्टरजवळ वेळ नसतो. म्हणून काही जण दोन्ही विद्या शिकतात. अमेरिकेत १९६४ पासून सरकारी मदतीने असे जोड शिक्षण दिले जाते. त्याला साधारण आठ वर्षे लागतात. आपल्या देशात एम.डी. व पीएच.डी. एकत्र देणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. बहुतेक जण आधी एम.बी.बी.एस. होतात आणि मग संशोधनाकडे वळतात.

हे वाचून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "सर, मला तर सहामाहीत विज्ञानात कमी गुण मिळाले. मी अर्ज तरी कसा करणार?"

गुण कोठे अडवतात आणि कोठे नाही, हे आधी नीट समजून घ्या. एम.बी.बी.एस.साठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तीन विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते. एवढे झाले की पुढची निवड 'नीट' या प्रवेश परीक्षेवरून होते. म्हणजे बारावीला ५५ टक्के मिळवणारा आणि ९० टक्के मिळवणारा तेथे पुन्हा एका रांगेत उभे राहतात. ही परीक्षा २०१८ पासून उर्दूतूनही देता येते. मात्र उत्तीर्ण होण्याची अट कोणाच्या विनंतीने सुटत नाही. त्यात अडखळलात तर पुन्हा परीक्षेला बसावे. एक वर्ष गेले तरी चालेल. 'नीट' किती वेळा द्यावी यालाही सध्या मर्यादा नाही. पण चार-पाच वर्षे त्यातच घालवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

आणखी एक अडचण भाषेची आहे. अकरावीपासून विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात. हुशार मुलांचे गुणही तेथे एकदम घसरतात. तेव्हा आतापासूनच वहीत प्रत्येक उर्दू संज्ञेशेजारी तिचे इंग्रजी नाव लिहीत जा.

संशोधनाच्या अर्जाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथेही गुण पाहतात, पण केवळ गुण पाहत नाहीत. उमेदवाराने प्रत्यक्ष काय काम केले, त्याच्या गुरुजनांनी शिफारसपत्रात काय लिहिले आणि मुलाखतीत तो कसा विचार करतो, हेही पाहतात. पहिल्या वर्षी गुण कमी आणि पुढे चढत गेलेले असतील तर परीक्षक त्याची दखल घेतात. कमी गुण लपवू नयेत. कारण एक-दोन वाक्यांत खरे सांगावे आणि लगेच आपल्या कामाकडे वळावे. पानभर रडगाणे गाणारा अर्ज कोणालाच आवडत नाही.

काम दाखवायला मोठी प्रयोगशाळाच लागते असे नाही. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली रायगड जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. लाल विंचू चावलेले रोगी तेथे येत आणि त्यांतील कितीतरी दगावत. बावसकर रात्र रात्र रोग्याजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी करत. १९८२ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरले. पूर्वी अशा रोग्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत मरत. ते प्रमाण १ टक्क्यावर आले.

परीक्षेत मागे पडलेल्या एका माणसाची हकीकतही ऐका. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरमचे. ते मॅट्रिकला दोनदा नापास झाले आणि तिसऱ्या खेपेला पास झाले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते खादी घालत, ते शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना खपले नाही. सुब्बारावांना एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही खालची पदवी मिळाली. १९२२ साली ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्री हमालाचे काम केले आणि १९३० साली हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. डॉक्टरी आणि संशोधन अशा दोन्ही विद्या त्यांच्या हाती आल्या. पुढे ते एका औषध कंपनीत संशोधन-प्रमुख झाले. तेथे त्यांच्या देखरेखीखाली हत्तीरोगावरचे डी.ई.सी. हे औषध तयार झाले. विदर्भात आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन हत्तीरोगाच्या गोळ्या समोर खायला लावतात, त्यांत हेच औषध असते.