डिफरेन्शियलमधले पाणी : फोर व्हील गाड्यांचे गिअर ऑइल आणि गॅरेजवाल्यांची जबाबदारी

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळा ओसरला की गॅरेजसमोर चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग लागते. गाडीवाला येतो, इंजिन ऑइल बदलायला सांगतो, ब्रेक बघायला सांगतो, फार तर ग्रीस मारून घेतो. गाडीच्या पोटाखाली जे दोन जाड गोळे लोंबकळत असतात, म्हणजे पुढचा आणि मागचा डिफरेन्शियल, त्यांच्याबद्दल तो बोलत नाही. बहुतेक वेळा मेकॅनिकही बोलत नाही. दोघांच्या या गप्प बसण्याची किंमत किती होते, हे आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याच्या जीपवरून सांगतो.

हे गृहस्थ चिपळूणचे. लाकूड आणि आंब्याच्या पेट्या वाहण्यासाठी त्यांनी जुनी फोर व्हील जीप ठेवली आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा हजारो गाड्यांबरोबर ही जीपही बुडाली. पाणी उतरल्यावर गॅरेजमध्ये इंजिन धुतले गेले, ऑइल आणि फिल्टर बदलले गेले, वायरिंग सुकवली गेली. जीप चालू झाली. मालक म्हणाले, "उस्ताद, चालू झाली ना, आता पुरे करा. दुकानच वाहून गेलंय, गाडीवर किती खर्च करू?" त्या दिवसांत हे म्हणणे चुकीचेही नव्हते. उस्तादांसमोर तेव्हा अशा पन्नास गाड्या उभ्या होत्या.

वर्षभर जीप मागच्या दोन चाकांवर नीट चालली. पुढच्या पावसाळ्यात बागेतल्या चिखलात ट्रॉली अडकली म्हणून पुढची चाके जोडली, आणि वीस-पंचवीस फुटांत कडकड आवाज होऊन पुढचा ॲक्सल जाम झाला. हाऊसिंग उघडले तेव्हा तळाला गढूळ पाणी आणि त्यावर तरंगणारे तेल निघाले. पिनियनची बेअरिंग पाण्याच्या रेषेपर्यंत गंजून खडबडीत झालेली होती आणि क्राऊनचे दोन दात गेले होते. दोन लिटर तेलाच्या पैशात जे काम झाले असते, त्याला आता क्राऊन-पिनियनचा जोड, बेअरिंग आणि आठ दिवसांची मजुरी लागली. वाहतूक बंद राहिली ती वेगळीच. मालक म्हणत, उस्तादांनी सांगायला हवे होते. उस्ताद म्हणत, शेठनीच पुरे करा म्हटले. आमच्या मते दोघेही खरे बोलत होते, आणि भांडणाचे मूळ हेच होते की काय केले आणि काय राहिले, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

आता हे असे का झाले, ते पाहू. ज्या जीपला पुढच्या चाकांवर फ्री व्हील हब असतात, तिचे हब मोकळे असताना पुढचे गिअर फिरतच नाहीत. मागच्या ॲक्सलमध्ये पाणी गेले तर गिअर ते तेलात घुसळतात, तेल दुधाळ होते, आवाज लवकर सुरू होतो, म्हणजे निदान खबर तरी मिळते. पुढच्या ॲक्सलमध्ये पाणी तेलापेक्षा जड म्हणून खाली बसते आणि बेअरिंगला महिनोन्महिने चिकटून राहते. काहीच आवाज नाही. ज्या दिवशी चिखलात त्या ॲक्सलची गरज लागते, त्याच दिवशी तो मोडतो. म्हणून फोर व्हील गाडीत जो भाग कमी वापरला जातो त्याचे तेल आधी तपासावे, असे आम्ही सुचवू. लोक नेमके उलटे करतात.

पूर नसला तरी पाणी शिरते. ॲक्सलच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याचे भोक. घाट चढून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून ओढ घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी तिथून आत जाते, आणि चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या ओठातून ओढले जाते. उलट, बुजलेला ब्रीदर असताना ॲक्सल तापला की आतला दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो. आम्ही असे गाडीवाले पाहिले आहेत की ज्यांनी वर्षात तीन वेळा सील बदलले आणि ब्रीदर एकदाही साफ केला नाही. मागच्या चाकाचे सील गळून तेल ब्रेकच्या लायनरवर गेले तर घाटात ब्रेक लागत नाही. तेव्हा ही गोष्ट नुसती पैशाची राहत नाही. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉनेटखाली नेऊन बांधणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ज्या भागात ओढे पार करावे लागतात तिथल्या मेकॅनिकने ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सुचवावे. गिऱ्हाईक आनंदाने पैसे देते.

तेल हातावर घेऊन वाचावे

जुने उस्ताद प्लग काढल्यावर आधी बोट बुडवून तेल पाहत, वास घेत आणि मग बोलत. ही सवय नव्या पोरांमध्ये कमी होत चालली आहे. ताजे गिअर ऑइल मधाच्या रंगाचे आणि उग्र वासाचे असते. तो वास गंधकाच्या रसायनाचा, आणि ते रसायन कामाचे आहे. डिफरेन्शियलचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली साधे तेल पिळून बाहेर जाते. गंधक आणि फॉस्फरसची ही रसायने उष्णतेत लोखंडाशी मिळून दातांवर पातळ थर तयार करतात आणि झीज त्या थराची होते, दातांची नाही. डब्यावर ईपी लिहिलेले असते ते यासाठीच. इंजिन ऑइल टाकून "काम चालवणे" म्हणजे हा थर काढून घेणे.

तेल नुसते काळसर झाले म्हणून गिअर गेले असे समजू नये. ते उष्णतेने आणि वयाने काळे होते. काळे आणि जळका वास असेल तर मात्र ॲक्सल फार तापला आहे. तेल कमी होते का, लोड जास्त होता का, बेअरिंग घट्ट आहे का, हे पाहावे. दुधाळ किंवा चहासारखे तेल म्हणजे पाणी. संशय असेल तर तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकून पाहावेत, तोंड आणि डोळे लांब ठेवून. पाणी असेल तर तेल तडतडते. प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर काळजी नको, ती नेहमीची झीज आहे. सुईसारखे तुकडे किंवा खपल्या हाताला लागल्या तर नवे तेल टाकून गाडी परत देणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक ठरेल. हाऊसिंग उघडावेच लागेल, हे त्याला तिथेच तुकडे दाखवून सांगावे. गिअरबॉक्सच्या तेलात सोनेरी चमक दिसली तर आतल्या पितळी रिंगा झिजत आहेत.

पितळावरून आठवले. बाजारात "भारी ऑइल" म्हणून सरसकट जीएल-5 विकले जाते, आणि काही दुकानदार तेच गिअरबॉक्सलाही देतात. जीएल-5 मध्ये ईपी रसायनाचे प्रमाण जीएल-4 च्या साधारण दुप्पट असते. डिफरेन्शियलला ते चांगलेच, पण पितळी रिंगा असलेल्या गिअरबॉक्समध्ये काही जीएल-5 तेले पितळ खातात आणि गिअर पडायला त्रास होतो. तेव्हा पुस्तिकेत गिअरबॉक्सला जीएल-4 लिहिले असेल तर जीएल-4 च द्यावे. ट्रान्सफर केसचे आणखी वेगळे. कुठल्या गाडीत तिथे गिअर ऑइल असते, कुठल्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरचे पातळ लाल तेल. चारही चाके आपोआप जोडणाऱ्या नव्या गाड्यांच्या कपलिंगला कंपनीने सांगितलेलेच तेल लागते. एकाच फोर व्हील गाडीत तीन-चार जागी तीन प्रकारची तेले असू शकतात. अंदाजाने डबा उचलू नये.

नंबराबद्दलही गैरसमज आहे. 90 नंबरचे गिअर ऑइल 40 नंबरच्या इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट जाड असते असे अनेकांना वाटते. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गरम असताना 90 चे गिअर ऑइल आणि 40-50 चे इंजिन ऑइल जाडीला जवळपास सारखेच भरतात. फरक जाडीचा नसून आतल्या रसायनाचा आहे.

काम करताना

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते आणि गाळ त्यात उचलला जातो. सपाट जागेवर उभी करावी. प्लगभोवतीचा चिखल आधी धुवावा. मग आधी वरचा, भरण्याचा प्लग उघडावा, खालचा नंतर. यात चूक करून पस्तावलेले कारागीर कमी नाहीत. तेल सगळे खाली काढले आणि वरचा प्लग गंजून बसला, पाना फिरेना, आटे गेले, की गाडी तिथेच अडकते. वरचा निघत नसेल तर निदान गाडीत तेल तरी राहते.

तेल पूर्ण निथळू द्यावे, घाई करू नये. प्लग पुसावा, वायसर नवा टाकावा. नवे तेल पंपाने भरावे आणि वरच्या भोकातून बारीक धार बाहेर येऊ लागली की थांबावे. "थोडं जास्त टाक, चांगलं असतं" असे म्हणणारे गिऱ्हाईक प्रत्येक गावात आहे. जास्त तेल घुसळून फेसाळते, तापते आणि शेवटी सीलमधून ब्रेककडे जाते.

तेलात पाणी सापडले असेल तर एकदा बदलून भागत नाही. त्याच ग्रेडचे स्वस्त तेल भरून गाडी थोडी चालवावी, पुढचा ॲक्सल असेल तर हब लावून मऊ मातीवर चालवावी, ते काढून टाकावे आणि मग चांगले तेल भरावे. दुसऱ्यांदाही दुधाळ निघाले तर आणखी एक फेरी. डिझेलने धुण्याबद्दल कारागिरांत दोन मते आहेत. हाऊसिंग उघडलेले असेल तर डिझेलने धुऊन, पुसून, वाळवणे योग्यच. पण बंद हाऊसिंगमध्ये डिझेल ओतून काढले तर ते ॲक्सलच्या नळ्यांत साचून राहते आणि नव्या तेलाला पातळ करते. आम्ही दुसऱ्या प्रकाराच्या विरोधात आहोत. पुरातून आलेल्या गाडीची चाकांची बेअरिंगसुद्धा खोलून ग्रीस बदलावे. हे कोणी मुद्दाम सांगत नाही.

मातीच्या गाडीला सवय असलेल्या मालकांना आणखी एक ताकीद द्यावी. साध्या जीपची चार चाके जोडून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी वळवत राहिले की पुढच्या-मागच्या चाकांच्या अंतरातला फरक गिअरांवर ताण म्हणून बसतो. स्टिअरिंग जड होते, लीव्हर अडकतो. तसेच पुढे नवे टायर आणि मागे गुळगुळीत टायर, हेही ट्रान्सफर केसला मारते. तेलात वारंवार धातू सापडतो आणि कारण हाऊसिंगमध्ये मिळत नाही, तेव्हा टायर मोजावेत.

राहिला काढलेल्या तेलाचा प्रश्न. गॅरेजमधले जळके ऑइल गटारात सोडणे किंवा सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला देणे ही आपल्याकडची जुनी रीत. धोकादायक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत वापरलेले तेल येते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करण्याची जबाबदारी आली आहे. त्यामुळे चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक पिंप ठेवले तर उचलणारा शोधणे सोपे जाईल. पाणी मिसळलेले तेल वेगळे ठेवावे, नाहीतर साऱ्या पिंपाचा भाव पडतो. आणि नव्या तेलाचे रिकामे डबे भोक पाडूनच भंगारात टाकावेत. बनावट तेल भरणारे असलेच डबे शोधत असतात.

चिपळूणच्या जीपचा खर्च शेवटी मालकांनी दोन वाटे आणि उस्तादांनी मजुरीचा एक वाटा सोसून मिटवला. तेव्हापासून उस्तादांच्या टेबलावर एक वही आहे. गाडीचा नंबर, किलोमीटर, कुठल्या जागी कुठले तेल टाकले, आणि मालकाने काय नको म्हटले, हे त्यात लिहून मालकाची सही घेतली जाते. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे काही जण आता ती वही पाहायला येतात. ज्या गाडीची नोंद वहीत नाही, तिचा पुढच्या डिफरेन्शियलचा प्लग ते भाव ठरवण्याआधी उघडायला लावतात.