हाताने घडवलेला शाफ्ट

वाराणसीच्या कारखान्यात बांधलेल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाखाली वाकून पाहिले, तर ट्रकच्या पोटाखाली असतो तसा चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट दिसत नाही. २,६०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन जनरेटर फिरवते, वीज केबलमधून खाली उतरते आणि सहा आसांजवळच्या सहा मोटरींना मिळते. मोटरीच्या १८ दात्यांच्या पिनियनने आसावरचे ६५ दात्यांचे चाक फिरते. रुळांवरून जाताना आस वरखाली झाला की मोटरही त्याच्यासोबत हलते, मधली केबल वाकते आणि शक्तीचा प्रवाह अखंड राहतो.

या कारखान्याची पायाभरणी १९५६ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या सहकार्याने १९६४ च्या जानेवारीत पहिले इंजिन बाहेर पडले. तेव्हाचे डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स २०२० पासून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स म्हणून ओळखले जाते. हलत्या आसापर्यंत शक्ती कशी पोचवायची, या प्रश्नाचे एक भव्य उत्तर तिथे रोज घडत आले आहे.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर तळहातावर मावते. ते म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या रॉक क्रॉलरचा घरी बनवलेला ड्राइव्हशाफ्ट.

रॉक क्रॉलर ही शर्यतीची गाडी नव्हे. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, दोन-तीन किलो वजनाची ही गाडी दगडधोंड्यांवरून माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश चढते. मोटर आणि गिअरबॉक्स मधोमध असतात. तिथून एक शाफ्ट पुढच्या आसाकडे, एक मागच्या आसाकडे जातो. चारही चाके एका वेगाने फिरावीत म्हणून डिफरन्शियल बहुधा कायमचे जाम केलेले असते. पुढचे डावे चाक दगडावर आणि मागचे उजवे खड्ड्यात, अशा अवस्थेत आस गाडीच्या तुलनेत केवढा तरी तिरका होतो. शाफ्टला अशा वेळी तीन कामे एकाच क्षणी करावी लागतात: फिरायचे, वाकायचे आणि लांबी बदलायची.

स्पर्धेच्या काही क्रॉलरमध्ये प्रत्येक आसावरच मोटर बसवतात आणि शाफ्टला रजा देतात. ती रेल्वे इंजिनाचीच युक्ती. पण खऱ्या जीपसारखी दिसणारी आणि वागणारी गाडी हवी असेल, तर शाफ्टला पर्याय नाही.

वाकणाऱ्या सांध्याची कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकात इटलीच्या कार्दानोने एकमेकांना काटकोनात टांगलेल्या कड्यांचे वर्णन केले. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने असा सांधा फिरती शक्ती नेण्यासाठी वापरला, म्हणून त्याला हुकचा सांधाही म्हणतात. मोटारगाडीत तो रुळला तो क्लॅरन्स स्पायसरमुळे. कॉर्नेल विद्यापीठात शिकताना त्याने चाकांकडे शक्ती नेणाऱ्या साखळीला पर्याय शोधला आणि १९०३ साली त्याचे पेटंट मिळवले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला मधल्या ट्रान्सफर केसमधून पुढे-मागे असे दोन शाफ्ट होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि ही रचना आपल्या रस्त्यांवर रुळली. आज ट्रकच्या गॅरेजात ‘प्रोपेलरचा क्रॉस गेला’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

क्रॉलरचा शाफ्टही तसाच असतो. दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, आणि मध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. बाजारात तयार शाफ्ट मिळतात, प्लास्टिकचे आणि पोलादाचेही. तरीही लोक घरी बनवतात, कारण आपल्या चौकटीची लांबी आपली असते. चाकांमधले अंतर वाढवले, गिअरबॉक्स थोडा मागे सरकवला, की तयार शाफ्ट तोकडा पडतो किंवा अडतो.

सुरुवात मापाने होते. गाडीच्या स्प्रिंगा काढून आस पूर्ण खाली सोडायचा, गिअरबॉक्सपासूनचे अंतर घ्यायचे. मग तो पूर्ण वर दाबून पुन्हा घ्यायचे. सर्वांत मोठ्या मापालाही आतली नळी बाहेरच्या नळीत निदान दीड सेंटिमीटर राहिली पाहिजे. सर्वांत लहान मापाला ती तळाला टेकता कामा नये. टेकली, तर शाफ्ट खांबासारखा उभा राहून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण देतो.

नळ्या पितळी आणि चौकोनी घेतात. गोल नळी सरकते, पण आत फिरून जाते. चौकोनी नळी सरकते आणि पीळही पुढे नेते. क्रॉससाठी पोलादाचा छोटा ठोकळा कापून त्याला काटकोनात दोन भोके पाडतात. दोन पिना एकाच जागी छेदणार, म्हणून एक पिन जाड घेऊन तिच्यात आरपार भोक पाडायचे आणि बारीक पिन त्यातून ओवायची. जाड पिनेसाठी जुन्या प्रिंटरचा गुळगुळीत दांडा चालतो. बारीक पिनेसाठी सायकलचा चौदा गेजचा स्पोक बरोबर दोन मिलिमीटरच्या आसपास भरतो. त्याहून कणखर हवी असेल, तर मोडक्या ड्रिल बिटाची दांडी घ्यावी. क्रॉसला दोन्ही बाजूंनी धरणारा काटा, म्हणजे योक, कानसीने घासून आकाराला आणतात आणि नळीला झाळतात. शेवटी ग्रब स्क्रू. गिअरबॉक्सच्या दांड्याला तो टेकतो तिथे सपाट खाच हवी आणि आट्यांना थ्रेडलॉक हवे. याशिवाय बसवलेला स्क्रू पहिल्याच चढावर सैल होतो.

या कामातले खरे मर्म फेजचे, म्हणजे दोन टोकांचे योक एकमेकांशी जुळवण्याचे आहे. क्रॉस वाकलेला असताना एका टोकाचा दांडा एकसारखा फिरला, तरी दुसऱ्या टोकाचा तसा फिरत नाही. ३० अंशांच्या कोनात तो एका फेऱ्यात दोनदा ८७ टक्क्यांपर्यंत मंदावतो आणि दोनदा ११५ टक्क्यांपर्यंत वेगावतो. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत आणि दोन्ही क्रॉसचे कोन शक्य तितके सारखे हवेत; मग पहिल्याने केलेली गडबड दुसरा पुसून टाकतो. नळीवर योक एका काटकोनाने चुकले, तर दोन्ही गडबडी एकमेकींत मिसळून वाढतात. गाडी चालते, पण दगडावर अलगद टेकायच्या ऐवजी ठेचकाळते. चौकोनी नळी चारपैकी कोणत्याही बाजूने आत जाते, म्हणून बाहेरून खूण करून ठेवणे हाच शहाणपणा.

तुटणाऱ्या शाफ्टवर उपाय म्हणजे नुसता जाड शाफ्ट नव्हे. गिअरचे जास्त गुणोत्तर आसात किंवा चाकाजवळ ठेवले, तर तितक्याच जोरासाठी शाफ्टवर कमी पीळ येतो. ट्रॅक्सस टीआरएक्स-४ सारख्या गाड्यांतले पोर्टल आस हेच करतात. शिवाय साखळीत कुठेतरी एक दुवा आधी तुटलाच पाहिजे. तो दोन मिलिमीटरची पिन असेल, तर पाच मिनिटांचे काम. तो गिअरबॉक्स असेल, तर महिन्याचा खिसा रिकामा.

आता पुन्हा वाराणसीकडे. कारखान्यापासून जवळच खोजवाँ आणि काश्मीरीगंज भागात लाकडी खेळण्यांचे कारागीर राहतात. लेथवर लाकूड फिरत असताना ते लाखेची कांडी त्यावर टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. सिंधोरे (कुंकवाचे करंडे), बाहुल्या, भातुकली अशा वस्तू इथे घडतात आणि या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांनाही ते मिळाले आहे. फिरत्या वस्तूचा मध्य नेमका कुठे आहे, हे या कारागिरांचे हात डोळ्यांआधी ओळखतात. शाफ्टला सर्वांत जास्त गरज आहे ती याच गोष्टीची. मध्यातून केसभर सरकलेला शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंग खातो.

एका शहरात शक्ती वाहून नेण्याचे एवढे मोठे यंत्र आणि खेळणे कातण्याचा एवढा नाजूक हात, दोन्ही नांदतात. मिर्झापूरच्या बाजूला विंध्याचा वाळूखडक आहे, ज्याचा दगड चुनारहून आणून काशीचे घाट बांधले गेले. क्रॉलर चढवायला याहून चांगली भूमी कोणती? अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला युनिव्हर्सल जॉइंटचे, म्हणजे याच वाकणाऱ्या सांध्याचे, समीकरण परीक्षेपुरते पाठ असते. त्याने एकदा कानस हातात घेऊन शाफ्ट घडवला, फेज चुकवून गाडी ठेचकाळताना पाहिली आणि पुन्हा जुळवली, की तेच समीकरण त्याच्या बोटांत उतरते.

घरात गाडी घ्यायचा हट्ट चालू असेल, तर ती जरूर घ्या. पण तयार शाफ्टचा पुडा सोबत घेऊ नका. पितळी नळी, दोन स्पोक, एक कानस आणि एक व्हाइस मुलाच्या हाती द्या, आणि पहिला शाफ्ट वाकडा झाला तर रागावू नका. दुसरा सरळ होतो.