प्रोसेसर बदलले, ‘परम’ थांबला नाही

दुकान सुरू केलं तेव्हा मी सगळा माल एकाच सप्लायरकडून घ्यायचो. ऐन दिवाळीत त्याने माल बंद केला. गिऱ्हाईक दारातून परत गेलं, कारण दुसरी सोय मी केलीच नव्हती. म्हणून आज पुण्याच्या ‘परम’ महासंगणकाची गोष्ट.

अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक द्यायला आडकाठी केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. प्रमुख होते आपल्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते.

मग आणखी वेग हवा होता. पण प्रोसेसर बदलणं सोपं नसतं. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरला वेगळ्या आज्ञा कळतात. एकासाठी तयार केलेला प्रोग्राम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही.

सी-डॅकने काय केलं? ‘परम ८६००’ मध्ये आकडेमोड इंटेलच्या आय८६० कडे दिली, पण प्रोसेसरांमधला निरोप पोचवायचं काम ट्रान्सप्युटरकडेच ठेवलं. प्रोग्राम लिहायची ‘पारस’ ही स्वतःची व्यवस्थाही कायम ठेवली. पुढे ‘परम ९०००’ आणि ‘परम १००००’ मध्ये स्पार्क जातीचे प्रोसेसर आले, ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर४, आणि २००८ च्या ‘परम युवा’मध्ये पुन्हा इंटेल. नाव मात्र ‘परम’च!

यातून आपण काय शिकायचं?

१. सगळं एका झटक्यात बदलू नका. नवं रुळेपर्यंत जुन्याला त्याचं काम करू द्या.

२. बदलाचा त्रास गिऱ्हाईकाला होऊ देऊ नका. ॲपलने २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला, तेव्हा जुने प्रोग्राम चालावेत म्हणून सोबत ‘रोझेटा २’ दिलं.

३. सुटा भाग बाहेरून घ्या, पण तो जोडायची विद्या स्वतःकडे ठेवा. सी-डॅक प्रोसेसर विकतच घेत होतं. शेकडो प्रोसेसर एकत्र राबवायचं कसब त्यांचं स्वतःचं होतं.

भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान टाका की मोबाईल रिपेअरिंगचं, आज रात्री वहीत एवढंच लिहा: उद्या माझा मुख्य सप्लायर बंद झाला, तर माझ्याकडे काय उरतं? उत्तर ‘काहीच नाही’ आलं, तर दुकान टाकायच्या आधी दुसरा सप्लायर शोधा.